पंधरा तारखेचं पान

१

शुक्रवारी सकाळी दहाला नाक्याचं कुलूप निघालं, आणि साडेदहाच्या आत गुरुजींनी कपाटातल्या नोंदवह्या तीनदा मोजल्या. पहिल्यांदा बावीस भरल्या. दुसऱ्यांदाही बावीस. तिसऱ्यांदा प्रत्येक वहीच्या पाठीला बोट लावून मोजल्या, तरी बावीसच. असायला हव्या होत्या तेवीस, आणि गेली होती ती नेमकी शेवटची.

“बाई, माझं डोकं चालेनासं झालंय. तुम्ही एकदा मोजता का?” गुरुजी म्हणाले.

पोस्टमास्तरीणबाईंनी मोजल्या नाहीत. ज्या माणसाने चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, त्याला बावीस आणि तेवीसमधला फरक कळतो याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि कपाटासमोर खुर्ची ओढून बसल्या.

नाका म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि समोर रस्त्यावर आडवी दांडी. दांडीपलीकडे ओढ्यावरचा पूल, आणि पुलापलीकडे दुसरा देश. तेवीस वर्षं इथून माणसं ये-जा करत होती. फार नव्हेत, दिवसाला दहा-बारा. दूधवाला, छत्र्या दुरुस्त करणारा, माहेरी जाणाऱ्या-येणाऱ्या बायका. मग डोंगराच्या त्या अंगाला रुंद रस्ता झाला, मोठा नाका झाला, आणि एकतीस वर्षांपूर्वी हा बंद पडला. इमारत पडायला आली तेव्हा गुरुजींनी कचेरीत खेटे घालून घालून ती मागून घेतली आणि तिथे छोटंसं संग्रहालय थाटलं. वर्षाची एक अशा तेवीस नोंदवह्या त्याचा जीव की प्राण. बाईंनी गावातलं पोस्ट बारा वर्षं सांभाळलं होतं. निवृत्त झाल्यावर वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहायला कोणीतरी नीट अक्षराचं हवं म्हणून गुरुजींनी त्यांना बोलावलं, आणि त्या आल्या त्या आल्याच.

“कुलूप तोडलेलं नाही. किल्ली?” बाईंनी विचारलं.

“खिळ्यावर. नेहमीच्या.”

“म्हणजे अख्ख्या गावाला माहीत.”

गुरुजींनी मान खाली घातली. व्हरांड्यात पावलं वाजली आणि दारात शिवणताई उभी राहिली. हातात पिशवी, खांद्यावर माप घ्यायची फीत तशीच राहिलेली. गावातल्या निम्म्या लोकांचे कपडे ती शिवायची, म्हणून हे नाव.

“बाई, सोमवारची ती वही तयार ठेवलीत ना?” तिने विचारलं.

गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. सांगायचं काम बाईंवरच आलं.

२

शिवणताईची गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. तिची आई बाळंतपणाला पलीकडे माहेरी गेली होती. नाका बंद होणार म्हणून कळल्यावर चार महिन्यांच्या पोरीला घेऊन परत आली. ती पोर म्हणजे शिवणताई. इथेच वाढली, इथेच लग्न झालं, नवऱ्याची बेकरी, सात वर्षांची मुलगी. आई-वडील दोघंही आता नव्हते. यंदा कचेरीत रहिवाशांची यादी नव्याने होत होती, आणि पलीकडे जन्मलेल्या प्रत्येकाला आल्याचा पुरावा दाखवायचा होता. पुरावा होता. आईने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेला ये-जा परवाना. त्यावर नाक्याचा गोल शिक्का, आणि शिक्क्यात तारीख पंधरा.

नाका बंद झाला चौदाला.

भिंतीवर हुकूम चौकटीत लावलेला होता: ‘दिनांक पंधरापासून हा नाका कायमचा बंद राहील.’ कचेरीने लिहिलं होतं, ज्या दिवशी नाका नव्हताच त्या दिवशीचा शिक्का बनावट ठरतो. सोमवारी सुनावणी. पुरावा टिकला नाही तर शिवणताईने पलीकडे जायचं. तिथे तिचं कुणी उरलेलं नव्हतं.

“आईचं नाव वहीत असेल. चौदाच्या पानावर. म्हणजे शिक्का काहीही म्हणो, आम्ही आलो होतो हे तरी कळेल. तुम्हीच म्हणाला होतात, बाई.”

“म्हणाले होते. सोमवारला तीन दिवस आहेत,” बाई म्हणाल्या.

शिवणताई रडली नाही. फीत गुंडाळून पिशवीत टाकली आणि गेली. तिचं ते न रडणंच बाईंना जास्त लागलं.

मग बाई कपाटाकडे वळल्या. चोरी मोठी विचित्र होती. वही काढल्यावर शेजारच्या वह्या कलंडू नयेत म्हणून रिकाम्या जागेत पुठ्ठ्याची घडी घालून बसवली होती. प्रत्येक वहीमागे गुरुजींनी फडक्याची एक पुरचुंडी ठेवलेली, आत डांबरगोळी. बाईंनी पुरचुंड्या मोजल्या. बावीस.

“गुरुजी, चोराने डांबरगोळीसुद्धा नेली.”

“तिचं काय करायचंय त्याला?”

“तेच म्हणते मी.”

टेबलावरच्या काचेच्या पेटीत नाक्याचा तारखेचा शिक्का ठेवलेला होता. लाकडी मूठ, खाली पितळी चाकं. बाईंनी वाकून पाहिलं. चाकांवर तारीख होती पंधरा.

“गुरुजी, हे पंधरा कोणी केलं?”

“अहो, पेटी येण्याआधी तो उघडाच असायचा. येणारे-जाणारे हात लावायचे. तीसही झालं असतं.”

बाईंना ते पटलं, कारण पोस्टात त्यांनीही लोकांचे हात शिक्क्यापासून दूर ठेवण्यात बारा वर्षं घालवली होती. त्यांनी तो विषय तिथेच सोडला, आणि ती त्यांची चूक झाली.

३

शेवटच्या दिवशी नाक्यावर तीन माणसं होती. साहेब, कारकून आणि दांडी उचलणारा. तिघेही हयात होते, तिघेही गावातच होते, आणि याच आठवड्यात तिघेही संग्रहालयात येऊन गेले होते. बाईंनी सोप्यापासून सुरुवात केली.

दांडी उचलणाऱ्याला गाव दांडीमामा म्हणायचं. तेवीस वर्षांत एकाही दिवसाची दांडी न मारलेला माणूस, आणि नाव हे. स्वतः मामाच हा विनोद सगळ्यांत जास्त वेळा सांगायचे. अंगणात बसून ते कुंपणाला रंग देत होते.

“वही? मला काय करायचीय वही? मला लिहिता-वाचता येत असतं तर मी दांडी उचलत बसलो असतो का?”

“शेवटचा दिवस आठवतो?”

“न आठवायला काय झालं! दिवसभर गर्दी. सगळ्यांना शेवटचं जाऊन यायचं होतं. काही रडले, काहींनी फोटो काढले. छत्रीवाला शेवटचा. तो आला, मी दांडी खाली घेतली, कुलूप घातलं. दुसऱ्यांदा कुलूप घालताना तर...”

मामा थांबले. ब्रशवरून रंगाचा थेंब त्यांच्या चपलेवर पडला.

“दुसऱ्यांदा?”

“पहिल्यांदा नीट बसलं नव्हतं. जुनं कुलूप.”

“ते कुलूप संग्रहालयात आहे, मामा. परवाच मी पुसलं. टिचकीसरशी बसतं.”

“तेल घातलं असेल गुरुजींनी,” मामा म्हणाले आणि कुंपणाच्या एकाच फळीला तिसरा हात देऊ लागले. त्यानंतर त्यांनी तोंडाला जे कुलूप लावलं ते काही केल्या निघेना. इथे काहीतरी पाणी मुरतंय एवढं बाईंना कळलं, पण कुठे ते कळेना.

४

साहेबांचं घर टेकडीवर होतं. ऐंशी वर्षांचे साहेब इस्त्रीच्या सदऱ्यात बसले होते, जणू आत्ता तपासणीला कुणी येणार होतं.

“हो, बुधवारी मी वही मागितली. माझा शेवटचा शेरा पाहायचा होता. पाठ आहे म्हणा मला. ‘आज चौदा तारीख. सायंकाळी सहा वाजता शेवटची नोंद पूर्ण करून हा नाका बंद केला. या नाक्याने तेवीस वर्षं दोन्ही बाजूंची सेवा केली.’ खाली सही, वेळ सहा वाजून दहा. काय वाईट आहे का?”

“छान आहे. मग पाहिलीत?”

“तो शाईकाका होता तिथे. म्हणाला, कपाट गुरुजींशिवाय उघडायचं नाही. माझाच कारकून, आणि मलाच नियम!” साहेब हसले, पण त्यांना ते लागलेलं दिसत होतं.

“ती वही कुणाला नकोशी असेल, साहेब?”

“माझ्याकडे पाहून विचारताय? बाई, त्या वहीत माझं इतकं चांगलं वाक्य आहे. ती जपली जावी हीच माझी इच्छा.”

हे मात्र खरं वाटत होतं. भिंतीवर साहेबांचा एक फोटो होता. गळ्यात हार, शेजारी मोठे अधिकारी, मागे मोठं गोल घड्याळ.

“हा कधीचा?”

“त्याच संध्याकाळचा. मुख्य कचेरीत निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता माझ्यासाठी.” साहेबांचा चेहरा उजळला. “शंभर माणसं होती.”

“मुख्य कचेरी म्हणजे त्या काळी जीपने किती वेळ?”

“पाऊण तास. घाटाचा रस्ता.”

बाईंनी चष्मा वर केला आणि फोटोतल्या घड्याळाकडे पाहिलं. साडेसहा. टेकडी उतरताना त्यांनी तीनदा हिशेब केला. सहा वाजून दहा मिनिटांनी नाक्यावर सही करणारा माणूस साडेसहाला पाऊण तासावरच्या कचेरीत हार घालून कसा उभा राहील? साहेब पावणेसहाच्या आधीच निघाले होते. म्हणजे नाकाही सहाच्या आधीच बंद झाला होता. शेऱ्यातली वेळ खोटी होती.

म्हणजे वही नाहीशी करायला साहेबांकडे कारण होतं. फक्त एक गोष्ट बसत नव्हती. स्वतःचं खोटं लपवायला वही चोरणारा माणूस तिला कसर लागू नये म्हणून डांबरगोळी कशाला नेईल?

५

शाईकाका चर्मकाराच्या दुकानामागे एका खोलीत राहायचे. नाक्याचे बावीस वर्षं कारकून. उजव्या हाताच्या दोन बोटांवर जांभळा डाग होता तो आता कातडीचाच झाला होता. संग्रहालयात येणाऱ्यांना माहिती द्यायला ते रोज जायचे, एक दिवस चुकवायचे नाहीत. आज मात्र गेले नव्हते.

“अंगात कणकण आहे,” ते म्हणाले आणि तरीही स्टोव्ह पेटवून चहा ठेवला. खोली इतकी नीटनेटकी होती की बाईंना स्वतःच्या घराची लाज वाटली. कॉट, खाली ट्रंक, खुंटीवर कोट, सगळ्याला डांबरगोळीचा वास. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीला येतो तसाच.

“चौदा तारखेला शेवटची नोंद कुणाची, काका?”

“क्रमांक एकोणीस. छत्रीवाला. एक छत्री, दोन पिशव्या.” उत्तर खटकन आलं.

“आणि शिवणताईची आई?”

काकांनी चहा गाळला. अर्धा गाळण्यातून सांडला.

“एकोणीस नोंदी आहेत, बाई. एकोणिसाव्याखाली लाल रेघ. लाल रेघेपुढे काही नसतं.”

“म्हणजे ती आलीच नाही?”

“मी म्हटलं, वहीत नाही.” काकांनी सांडलेला चहा पुसला.

बाई परत निघाल्या. वही सापडली तरी त्यात नाव नाही. शिक्का उद्याचा आणि नोंद नाहीच. शिवणताईला त्यांनी उगाच आशा लावली होती. रस्त्यात बेकरी लागली. तिची मुलगी दारात बसून वहीला कव्हर घालत होती. “आजी, सोमवारी मी पण येणार,” ती म्हणाली.

६

शनिवारी दुपारी बाई संग्रहालयात एकट्या बसल्या. करायला काही नव्हतं म्हणून त्यांनी नववी वही काढली आणि चाळायला घेतली. शाईकाकांचं अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक दिवसाचं नवं पान, पानाच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात त्या तारखेचा जांभळा ठसा, खाली नोंदी, शेवटी लाल रेघ. शिक्का नीट उठतो का हे बघायला रोज एक ठसा पानावर घेत असणार. पोस्टातही घेतात. सकाळी आल्या आल्या तारखेचं चाक फिरवायचं, कोऱ्या कागदावर ठसा घेऊन बघायचा, मग कामाला लागायचं.

जुलैतल्या एका पानावर बाईंचा हात थांबला.

डोक्यावर ठसा, तारीख नऊ. खाली एकही नोंद नाही. आडव्या अक्षरात एक ओळ: ‘आदल्या रात्री दरड. रस्ता बंद. कुणीही नाक्यावर पोचू शकलं नाही. चार दिवसांनी येऊन ही नोंद केली.’ पुढच्या पानावर ठसा तेरा.

बाईंनी ओळ पुन्हा वाचली. नऊ तारखेला कुणीही पोचू शकलं नाही. शिक्का नाक्यावर, कुलुपात. मग नऊ तारखेचा ठसा उठवला कुणी?

उत्तर इतकं सोपं होतं की त्यांना स्वतःचाच राग आला. ठसा नऊला उठवलेलाच नव्हता. तो आठच्या संध्याकाळी उठवला होता. पोस्टात तारखेचं चाक सकाळी फिरतं, म्हणून जगातलं प्रत्येक चाक सकाळीच फिरत असणार असं त्या धरून चालल्या होत्या. नाक्यावर सकाळी सहालाच दूधवाला येऊन उभा राहायचा. चाकाशी खटपट करायला वेळ कुठला! म्हणून शाईकाका संध्याकाळी लाल रेघ मारायचे, तारीख उद्याची करायचे, पुढच्या पानावर ठसा घ्यायचे आणि घरी जायचे.

बाई उठल्या. काचेची पेटी उघडली आणि केसातली पिन काढून शिक्क्याचं चाक ढकलून पाहिलं. हलेना. पुन्हा जोर लावला. पिन वाकली. एकतीस वर्षांची सुकलेली शाई दगडासारखी बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा हात लागून हे चाक फिरणं शक्यच नव्हतं.

शेवटच्या दिवशी, उद्या नाकाच नसताना, सवयीने त्या हातांनी चाक पंधरावर नेलं होतं. आणि त्यानंतर कुणीतरी धावत आलं होतं, आणि दांडीला दुसऱ्यांदा कुलूप लागलं होतं.

आणि वही? जिला पुठ्ठ्याचा आधार देऊन, डांबरगोळी सोबत घेऊन नेली, ती वही कुणी नेली हे आता सांगायलाही नको होतं. अंगात कणकण असल्याचं सांगणाऱ्याच्या खोलीतला वास त्यांना आठवला.

७

रविवारी सकाळी बाईंनी शाईकाकांना चहा करू दिला नाही.

“काका, ट्रंक उघडा.”

“कपडे आहेत.”

“कपड्यांना एवढा वास येत नाही. गुरुजींची पुरचुंडी आहे आत. चोराला वही नाहीशी करायची असती तर ओढ्यात टाकली असती. ज्याने बावीस वर्षं या वह्या लिहिल्या, तोच हिला कसर लागू देणार नाही.”

काका कॉटवर बसले. मग वाकून ट्रंक ओढली. कोटाखाली, स्वच्छ पंच्यात बांधलेली वही होती.

“मी तिला वाचवायला नेली, बाई. साहेबांना कार्यक्रमाला जायचं होतं. साडेपाचलाच म्हणाले, मार रेघ. मी मारली. चाक फिरवलं, ते काय माझ्या हाताला सांगावं लागत नव्हतं. साहेबांनी शेरा लिहिला, सहाची वेळ टाकली आणि गेले. मामाने कुलूप घातलं. पावणेसहाला ती पुलावरून धावत आली. पोर छातीशी. वेळेच्या आत आली होती हो ती! मामाने दांडी उचलली. मी परवान्यावर शिक्का मारला. तारीख बघितलीसुद्धा नाही.”

“नोंद का नाही केलीत?”

काकांनी वर पाहिलं. “साहेबांच्या सहीखाली ओळ कशी लिहू? वेळ काय घालू? पावणेसहा लिहिलं की साहेब खोटे पडतात. सहानंतरची लिहिली तर मी खोटा. मामाला शपथ घातली आणि मूग गिळून बसलो. वाटलं, कोण विचारणार आहे.”

“आणि आता?”

“आता वही कचेरीत उघडली असती तर काय दिसलं असतं? नाव नाही. शिक्का उद्याचा, नोंद नाही. दोन्हीकडून मेली असती पोर. वहीच नसेल तर निदान संशयाचा फायदा मिळेल, असं मला वाटलं.” त्यांनी वहीवरची गाठ सोडली. “ती समोर दिसली की मी रस्ता बदलतो, बाई. एकतीस वर्षं.”

बाईंनी वही मांडीवर घेतली. चौदाचं पान काढलं. एकोणीस नोंदी, लाल रेघ. पान उलटलं. पुढच्या पानावर साहेबांचा शेरा पसरला होता, आणि उजव्या कोपऱ्यात जांभळा ठसा. पंधरा.

“हे काय आहे, काका?”

“ते? ते रोजचंच. चाक फिरवलं की घ्यायचा ठसा.”

बाईंना हसावं की रडावं ते कळेना. एवढा जपून ठेवलेला पुरावा, आणि बावीस वर्षांच्या सवयीने त्यांना तो दिसतच नव्हता. त्यांनी पर्समधून पोस्टातलं भिंग काढलं.

“नीट बघा. साहेबांची पहिली ओळ लांबत लांबत ठशावर गेलीय. ‘आज चौदा तारीख’ने सुरू झालेल्या त्याच ओळीचे शेवटचे शब्द ठशावर चढलेत. शिक्क्याच्या शाईत तेल असतं. त्यावर पेन चालवलं की शाई फुटते, तुटक उठते. ही बघा, इथे तुटली. म्हणजे साहेबांनी चौदा तारखेला लिहिलं, त्याच्या आधीच शिक्का पंधरावर गेला होता. चौदालाच. तिचा परवाना बनावट नाही. तो तुमच्या हातचा, त्याच दिवसाचा आहे.”

काकांनी भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग पंच्याने डोळे पुसले.

“पण साहेब?” ते म्हणाले. “हे सांगायचं म्हणजे साहेबांना विचारतील, नोंद का नाही?”

“विचारतील. म्हणून आता तुम्ही, मी आणि दांडीमामा टेकडी चढणार आहोत.”

टेकडीवर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, वही पाहिली, भिंगातून स्वतःचंच अक्षर पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. घड्याळाबद्दल बाईंना एक शब्दही बोलावा लागला नाही. ते एवढंच म्हणाले, “तुम्ही जा आता.”

होकार नाही, नकार नाही.

८

सोमवारी अकराला सुनावणी होती. पावणेअकराला साहेब आले. इस्त्रीचा कोट, हातात काठी, बगलेत फोटो. कचेरीतल्या अधिकारीबाईंनी परवाना पाहिला, वही पाहिली, नववी वही आणि तिच्यातली दरड पाहिली, भिंग मागवून ठसाही पाहिला. मग त्यांनी शाईकाकांना ज्याची धास्ती होती तोच प्रश्न विचारला.

“ती वेळेत आली, तर नोंद का नाही?”

साहेबांनी फोटो टेबलावर ठेवला. “यातलं घड्याळ पाहा. शेऱ्यातली वेळ खोटी आहे. नाका मी अर्धा तास आधी बंद केला. हारासाठी. माझ्या कारकुनाने माझी लाज राखली, म्हणून नोंद नाही. लिहून घ्या, मी सही करतो.”

ऐंशी वर्षांचा माणूस हे बोलला तेव्हा त्याचा आवाज हलला नाही.

साडेबाराला निकाल झाला. परवाना खरा, आल्याचा दिवस चौदा, नाव यादीत. शिवणताईने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मग दारातच बसून पोटभर रडली. तिची मुलगी गोंधळून म्हणाली, “आई, आपण जिंकलो ना?”

दुपारी सगळे नाक्यावर जमले. वही आपल्या जागी ठेवायची होती, आणि गुरुजी पुठ्ठ्याची घडी काढून वाट बघत होते. शाईकाका वही देईनात.

“गुरुजी, एक ओळ लिहायची आहे.”

“काका, ही संग्रहातली वस्तू आहे! त्यात आता लिहायचं?” गुरुजींचा आवाज चढला.

“समासात आजची तारीख घाला आणि लिहा,” बाई म्हणाल्या. “मग कुणाची फसवणूक नाही.”

गुरुजींनी बाईंकडे पाहिलं, शिवणताईकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून दिली. काका बसले. पंधरा तारखेचं पान उघडलं. पेन हातात घेऊन ते साहेबांकडे वळले.

“लिहू का, साहेब? तुमच्या सहीखाली?”

“लिही,” साहेब म्हणाले. “जागा आहे की. तेव्हाही होती.”

काकांनी समासात आजची तारीख घातली. मग लिहिलं: क्रमांक वीस. वेळ पावणेसहा. एक स्त्री, माहेराहून परत. सोबत मुलगी. अक्षर मोत्यासारखंच होतं, थोडं थरथरलेलं. पुढच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी शिवणताईकडे पाहिलं, आणि नाक्यावर बावीस वर्षं विचारलेला प्रश्न विचारला.

“मुलीचं वय?”

शिवणताईने डोळे पुसले.

“चार महिने,” ती म्हणाली.

काकांनी लिहिलं, खाली पट्टी ठेवली आणि लाल रेघ मारली.